अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील राजकीय व सांस्कृतिक दुभंग

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या सार्वजनिक जीवनात प्रदेश, वंश, धर्म, शिक्षण व पक्षनिष्ठा यांच्या आधारे पडलेली आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अधिकाधिक रुंदावत गेलेली फूट. मतभेद हा कोणत्याही लोकशाहीचा स्वाभाविक धर्म असल्यामुळे केवळ दोन पक्षांतील स्पर्धेला दुभंग म्हणता येत नाही. निरनिराळ्या प्रश्नांवरील मतभेदांच्या रेषा जेव्हा एकमेकींना न छेदता एकाच रेषेत येऊन मिळतात, त्यामुळे एका गटातील व्यक्तीचा दुसऱ्या गटाशी कोणत्याच नात्याने संबंध उरत नाही आणि प्रतिपक्षाचा विजय हा स्वतःच्या जीवनपद्धतीचा नाश वाटू लागतो, तेव्हा ही अवस्था निर्माण होते. अमेरिकेच्या इतिहासात ती एकदा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास उद्‌भवली व तिची परिणती यादवी युद्धात झाली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकात तिची काही लक्षणे पुन्हा दिसू लागल्यामुळे या प्रश्नाला जागतिक महत्त्व प्राप्त झाले.

घटनेतील तडजोडी : १७८७ साली फिलाडेल्फिया येथे भरलेल्या घटनापरिषदेपुढे तेरा राज्यांना एका संघात आणण्याचे काम होते. दक्षिणेकडील राज्यांची शेती गुलामांच्या श्रमांवर अवलंबून होती, तर उत्तरेकडील राज्यांत गुलामगिरी हळूहळू संपुष्टात येत होती. परिषदेने हा प्रश्न सोडविला नाही. तो पुढे ढकलला. प्रतिनिधिगृहातील जागा ठरविताना गुलामांची गणना तीन-पंचमांश प्रमाणात करावी, परदेशांतून गुलाम आणण्यास १८०८ पूर्वी बंदी करू नये आणि पळून गेलेला गुलाम मालकास परत मिळावा, अशा तरतुदी घटनेत आल्या. सीनेटमध्ये प्रत्येक राज्याला, त्याची लोकसंख्या कितीही असो, दोन जागा मिळाल्या आणि राष्ट्राध्यक्षाची निवड प्रत्यक्ष मतदानाऐवजी निर्वाचक मंडळाकडे सोपविण्यात आली. यांपैकी गुलामगिरीविषयक तरतुदी यादवी युद्धानंतर नष्ट झाल्या. परंतु सीनेट व निर्वाचक मंडळ यांची रचना कायम राहिली. २०२० च्या जनगणनेनुसार सुमारे ३ कोटी ९५ लाख लोकवस्तीच्या कॅलिफोर्नियाला आणि सहा लाखांहूनही कमी लोकवस्तीच्या वायोमिंगला सीनेटमध्ये सारखेच प्रतिनिधित्व आहे. शहरी व ग्रामीण मतदार दोन भिन्न पक्षांत विभागले गेल्यावर या जुन्या रचनेला नवे राजकीय महत्त्व आले.

घटनाकारांना पक्षपद्धती अभिप्रेत नव्हती. जॉर्ज वॉशिंग्टन याने १७९६ मधील आपल्या निरोपाच्या निवेदनात पक्षीय अभिनिवेशाविषयी राष्ट्राला सावध केले होते. तथापि त्याच दशकात फेडरॅलिस्ट व रिपब्लिकन (हा पक्ष पुढे डेमॉक्रॅटिक-रिपब्लिकन म्हणून ओळखला गेला) असे दोन पक्ष उदयास आले. १७९८ मध्ये फेडरॅलिस्टांनी सरकारवरील टीका दडपण्यासाठी राजद्रोहाचा कायदा केला. १८०० ची निवडणूक अत्यंत कडवट झाली. परंतु पराभूत जॉन ॲडम्सने ४ मार्च १८०१ रोजी सत्ता टॉमस जेफर्सनच्या हाती शांततेने जाऊ दिली. पराभव मान्य करण्याचा हा प्रघात लेखी घटनेइतकाच अमेरिकन लोकशाहीचा आधार ठरला.

यादवी युद्ध : १७९३ मध्ये ईलाय व्हिटनीने सरकी काढण्याचे यंत्र तयार केले व कापसाची लागवड दक्षिणेत झपाट्याने पसरली. त्याबरोबर गुलामगिरीही पश्चिमेकडील नव्या प्रदेशांत शिरू लागली. मिसूरीला गुलामगिरीसह व मेनला गुलामगिरीविना संघात घेऊन १८२० मध्ये एक तडजोड झाली. १८५० मध्ये दुसरी झाली. या काळात राष्ट्राला एकत्र बांधणारे दुवे एकामागून एक तुटत गेले. त्यांत धर्मसंस्था प्रथम होत्या : गुलामगिरीच्या प्रश्नावरून मेथडिस्ट पंथात १८४४ साली व बॅप्टिस्ट पंथात १८४५ साली उत्तर आणि दक्षिण अशी फूट पडली. राजकीय पक्षांची पाळी त्यानंतर आली. १८५४ च्या कॅन्झस-नेब्रॅस्का कायद्याने नव्या प्रदेशांतील गुलामगिरीचा निर्णय तेथील रहिवाशांवर सोपविला. त्यामुळे व्हिग पक्ष मोडला आणि गुलामगिरीच्या प्रसारास विरोध करणारा रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला. कॅन्झसमध्ये सशस्त्र चकमकी झडल्या. १८५६ मध्ये साउथ कॅरोलायनाचा प्रतिनिधी प्रेस्टन ब्रुक्स याने सीनेटच्या सभागृहातच मॅसॅचूसेट्सचा सीनेटर चार्ल्स सम्नर यास काठीने बेदम मारले. या कृत्याचा उत्तरेत निषेध व दक्षिणेत गौरव झाला. १८५७ मध्ये ड्रेड स्कॉट खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कृष्णवर्णीयांना नागरिकत्व नाकारले आणि नव्या प्रदेशांत गुलामगिरीस बंदी घालण्याचा काँग्रेसचा अधिकारही अमान्य केला. न्यायालयीन निकालाने राजकीय वाद मिटेल ही अपेक्षा सपशेल फोल ठरली.

१८६० मध्ये अब्राहम लिंकन सुमारे ४० टक्के मते मिळवून राष्ट्राध्यक्षपदी निवडून आला. दक्षिणेतील बहुतेक राज्यांत त्याच्या नावाच्या मतपत्रिकाच नव्हत्या. त्याने अधिकारग्रहण करण्यापूर्वीच सात राज्ये संघातून फुटली; पुढे ही संख्या अकरा झाली. एप्रिल १८६१ ते १८६५ या काळात झालेल्या युद्धात दोन्ही बाजूंचे मिळून किमान ६ लाख २० हजार सैनिक मृत्यू पावले, असा जुना अंदाज आहे. अलीकडील संशोधनात हा आकडा त्याहून अधिक मानला जातो. युद्धानंतर तेराव्या (१८६५), चौदाव्या (१८६८) व पंधराव्या (१८७०) घटनादुरुस्त्यांनी गुलामगिरी रद्द झाली, जन्मसिद्ध नागरिकत्व व कायद्याचे समान संरक्षण मान्य झाले आणि वंशाच्या कारणावरून मताधिकार नाकारण्यास मनाई झाली.

या युद्धाचे पडसाद महाराष्ट्रातही उमटले. दक्षिणेतील बंदरांची नाकेबंदी झाल्याने लँकाशरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापूस व्यापारास अभूतपूर्व तेजी आली. त्या पैशातून शहरात सट्टेबाजीची लाट उसळली. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळून अनेक पेढ्या व कंपन्या बुडाल्या. वैचारिक संबंध याहून अधिक टिकाऊ ठरला. जोतीराव फुले यांनी १८७३ मध्ये प्रसिद्ध केलेला गुलामगिरी हा ग्रंथ, कृष्णवर्णीयांना दास्यातून मुक्त करण्याच्या कार्यात औदार्य व स्वार्थत्याग दाखविणाऱ्या संयुक्त संस्थानांतील सदाचारी लोकांना अर्पण केला. शूद्रातिशूद्रांच्या मुक्तीसाठी आपल्या देशबांधवांनी हा कित्ता गिरवावा, अशी आशा त्यांनी त्यात व्यक्त केली. १९४६ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांच्याशी पत्रव्यवहार करून अस्पृश्य व अमेरिकन कृष्णवर्णीय यांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले.

समेट व त्याची किंमत : युद्धाने संघराज्य टिकले, पण समाजाचे मन सांधले गेले नाही. १८७६ च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर १८७७ मध्ये झालेल्या समझोत्याने रिपब्लिकन उमेदवार रदरफर्ड हेझ राष्ट्राध्यक्ष झाला आणि दक्षिणेतील उरलेल्या राज्य सरकारांना असलेला संघीय सैन्याचा आधार काढून घेण्यात आला. उत्तर व दक्षिणेतील गोऱ्यांचा हा समेट कृष्णवर्णीयांच्या हक्कांचा बळी देऊन झाला. दक्षिणेतील राज्यांनी मतदान कर, साक्षरता परीक्षा व दहशत यांच्या साहाय्याने त्यांचा मताधिकार हिरावून घेतला. १८९६ मध्ये प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘पृथक पण समान’ हे तत्त्व मान्य करून वंशविभक्तीला कायद्याचे अधिष्ठान दिले. दक्षिणेने युद्ध गुलामगिरीसाठी नव्हे, तर राज्यांच्या हक्कांसाठी व प्रादेशिक अस्मितेसाठी लढले, ही कल्पना पाठ्यपुस्तकांतून व चौकाचौकांतील सेनानींच्या पुतळ्यांतून रूढ झाली. पुढे एकविसाव्या शतकात या पुतळ्यांवरूनच तीव्र संघर्ष झाले.

ग्रामीण व नागरी अमेरिका : १९२० च्या जनगणनेत नागरी लोकसंख्या प्रथमच ग्रामीण लोकसंख्येपेक्षा अधिक आढळली. पूर्व व दक्षिण यूरोपातून आलेल्या कॅथलिक व ज्यू स्थलांतरितांमुळे शहरांचे रूप पालटले होते. या बदलाविरुद्धची प्रतिक्रिया अनेक मार्गांनी व्यक्त झाली. १९२० ते १९३३ या काळात देशभर मद्यबंदी अमलात होती. तिचा पुरस्कार मुख्यत्वे ग्रामीण प्रॉटेस्टंट समाजाने केला. १९२४ च्या कायद्याने देशवार कोटे ठरवून स्थलांतर अतिशय मर्यादित केले व आशियाई लोकांना जवळजवळ पूर्ण मज्जाव केला. त्याआधी १९२३ मध्ये भगतसिंग थिंड खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीयांना नागरिकत्वास अपात्र ठरविले होते व त्यानंतर काही भारतीयांचे आधी मिळालेले नागरिकत्वही रद्द करण्यात आले. कू क्लक्स क्लॅन या वंशवादी संघटनेचे सदस्य या दशकात लक्षावधी होते. १९२५ मध्ये टेनेसीतील डेटन या गावी उत्क्रांतिवाद शिकविल्याबद्दल जॉन स्कोप्स या शिक्षकावर खटला भरण्यात आला. त्याला १०० डॉलर दंड झाला; तो पुढे तांत्रिक कारणावरून रद्द झाला. विज्ञान व धर्मश्रद्धा, तसेच नगर व खेडे यांच्यातील दरी या खटल्याने साऱ्या देशासमोर आली.

मिश्र पक्षांचा कालखंड : १९२९ नंतरच्या महामंदीने या सांस्कृतिक वादांना काही काळ मागे सारले. फ्रँक्लिन रूझवेल्टच्या डेमॉक्रॅटिक आघाडीत दक्षिणेतील गोरे शेतकरी, उत्तरेतील कामगार, कॅथलिक, ज्यू आणि शहरी कृष्णवर्णीय असे परस्परविरोधी गट एकत्र आले. रिपब्लिकन पक्षातही ईशान्येकडील उदारमतवादी आणि मध्य पश्चिमेकडील रूढिवादी असे दोन प्रवाह होते. त्यामुळे प्रत्येक पक्षाला आपल्या अंतर्गतच तडजोड करावी लागे आणि काँग्रेसमध्ये बहुतेक महत्त्वाचे कायदे दोन्ही पक्षांतील सदस्यांच्या मतांनी संमत होत. १९५० मध्ये अमेरिकन राज्यशास्त्र परिषदेच्या एका समितीने, दोन पक्षांतील धोरणात्मक भेद पुरेसे स्पष्ट नसल्याने मतदारास खरी निवड करता येत नाही, अशी तक्रार केली होती. पुढे हे भेद स्पष्ट झाले. पण त्याचबरोबर तडजोडीची यंत्रणाही मोडकळीस आली. शिवाय त्या काळातील सामंजस्याची एक बाजू विसरता येत नाही : दक्षिणेतील कृष्णवर्णीयांचा प्रश्न चर्चेबाहेर ठेवण्यावर ते मोठ्या प्रमाणात अवलंबून होते.

पक्षांची फेरजुळणी : तो प्रश्न चर्चेत येताच जुनी रचना ढासळली. १९५४ मध्ये ब्राउन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वंशविभक्ती घटनाबाह्य ठरविली. माँटगोमरी येथील बस-बहिष्कारापासून (१९५५-५६) मार्टिन ल्यूथर किंग याच्या नेतृत्वाखाली नागरी हक्कांच्या चळवळीने जोर धरला. १९६४ चा नागरी हक्क कायदा सीनेटमध्ये ७३ विरुद्ध २७ मतांनी संमत झाला. रिपब्लिकन सदस्यांपैकी २७ अनुकूल व ६ प्रतिकूल होते, तर डेमॉक्रॅटिक सदस्यांपैकी ४६ अनुकूल व २१ प्रतिकूल होते. पक्षापेक्षा प्रदेशच तेव्हा निर्णायक होता, हे यावरून दिसते. मात्र त्याच वर्षी रिपब्लिकन पक्षाने या कायद्याविरुद्ध मत देणाऱ्या बॅरी गोल्डवॉटर यास राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी दिली. लिंडन जॉन्सनने त्याचा दारुण पराभव केला. परंतु गोल्डवॉटरने जिंकलेल्या सहा राज्यांपैकी त्याचे स्वतःचे ॲरिझोना वगळता बाकीची पाचही खोल दक्षिणेतील होती. १९६५ च्या मताधिकार कायद्यानंतर दक्षिणेतील कृष्णवर्णीय डेमॉक्रॅटिक पक्षाकडे व गोरे मतदार क्रमाक्रमाने रिपब्लिकन पक्षाकडे वळले. १९६८ मध्ये वंशविभक्तीचा कैवारी जॉर्ज वॉलेस याने स्वतंत्रपणे उभे राहून दक्षिणेतील पाच राज्ये जिंकली आणि ‘कायदा व सुव्यवस्था’ या घोषणेवर रिचर्ड निक्सन विजयी झाला. ही फेरजुळणी पूर्ण होण्यास सुमारे तीन दशके लागली.

याच काळात व्हिएटनाम युद्धाने पिढ्यापिढ्यांत अंतर पाडले. किंग व रॉबर्ट केनेडी यांच्या हत्या आणि शिकागोतील डेमॉक्रॅटिक अधिवेशनाच्या वेळी पोलीस व निदर्शक यांच्यात झालेल्या चकमकी, या सर्व घटना १९६८ या एकाच वर्षातील होत. १९७० मध्ये केंट स्टेट विद्यापीठात सैनिकांच्या गोळीबारात चार विद्यार्थी ठार झाले. व्हिएटनाम व त्यापाठोपाठचे वॉटरगेट प्रकरण यांमुळे शासनसंस्थेवरील जनतेचा विश्वास जो ढळला, तो पुढेही पूर्ववत झाला नाही. १९६५ च्या स्थलांतर कायद्याने देशवार कोटे रद्द केल्यामुळे आशिया व लॅटिन अमेरिकेतून मोठ्या प्रमाणावर लोक येऊ लागले. सुशिक्षित भारतीयांचे व त्यांत मराठी भाषकांचे स्थलांतर याच कायद्यामुळे शक्य झाले. मूळचे बेळगावचे मराठी भाषक श्री ठाणेदार हे २०२२ मध्ये मिशिगन राज्यातून डेमॉक्रॅटिक पक्षातर्फे प्रतिनिधिगृहावर निवडून आले. अमेरिकेचे राष्ट्रीयत्व वंशावर आधारलेले की घटनेवरील निष्ठेवर, हा जुना वाद नव्या लोकसंख्येमुळे पुन्हा तीव्र झाला.

धर्म, कुटुंब व न्यायालये : १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतील अधिकृत प्रार्थना घटनाबाह्य ठरविली. १९७३ मध्ये रो खटल्यात गर्भपाताचा हक्क घटनेने संरक्षित असल्याचा निर्णय सात विरुद्ध दोन मतांनी देण्यात आला. त्या सात न्यायाधीशांपैकी पाच रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते. म्हणजे हा प्रश्न तोपर्यंत पक्षीय झालेला नव्हता. स्त्री-पुरुष समानतेची घटनादुरुस्ती १९७२ मध्ये काँग्रेसने संमत केली. परंतु फिलिस श्लाफ्ली हिने संघटित केलेल्या विरोधामुळे १९८२ च्या मुदतीपर्यंत आवश्यक त्या ३८ राज्यांची मान्यता तिला मिळू शकली नाही. १९७९ मध्ये बॅप्टिस्ट धर्मोपदेशक जेरी फॉलवेल याने ‘मॉरल मेजॉरिटी’ ही संघटना स्थापन केली. एरवी राजकारणापासून अलिप्त राहणारा इव्हँजेलिकल समाज तिच्याद्वारा राजकारणात उतरला व १९८० मध्ये रॉनल्ड रेगनच्या पाठीशी उभा राहिला. डेमॉक्रॅटिक पक्षात स्त्रीमुक्तिवादी, समलिंगी हक्कांचे पुरस्कर्ते व धर्मनिरपेक्ष सुशिक्षित यांचा प्रभाव वाढला. समाजशास्त्रज्ञ जेम्स डेव्हिसन हंटर याने १९९१ मधील आपल्या ग्रंथात या स्थितीस ‘संस्कृति-युद्ध’ हे नाव दिले. त्याच्या मते संघर्ष दोन पंथांतील नव्हता, तर नैतिक प्रमाण परंपरेत व ईश्वरी आज्ञेत शोधणारे आणि ते काळानुसार बदलणाऱ्या मानवी अनुभवात शोधणारे यांच्यातील होता.

विधिमंडळात तडजोड न झालेले प्रश्न न्यायालयाकडे जाऊ लागल्याने न्यायाधीशांची नेमणूक हेच निवडणुकीतील एक प्रमुख उद्दिष्ट बनले. २०१५ मध्ये समलिंगी विवाहाचा हक्क पाच विरुद्ध चार मतांनी मान्य झाला. २०२२ मध्ये डॉब्ज खटल्यात रो निर्णय रद्द होऊन गर्भपाताचा प्रश्न राज्यांकडे परत गेला.

आर्थिक बदल : कारखानदारीतील रोजगार १९७९ मध्ये सुमारे १ कोटी ९५ लाखांवर पोहोचला होता, तो २०१० पर्यंत सुमारे १ कोटी १५ लाखांवर घसरला. यंत्रांचे स्वयंचलन, १९९४ मध्ये अमलात आलेला उत्तर अमेरिकन मुक्त व्यापार करार व २००१ मध्ये चीनचा जागतिक व्यापार संघटनेत झालेला प्रवेश ही त्याची प्रमुख कारणे सांगितली जातात. पोलाद, मोटारी व फर्निचर यांवर जगणारी ओहायओ, मिशिगन, पेनसिल्व्हेनिया, नॉर्थ कॅरोलायना इ. राज्यांतील अनेक गावे ओस पडली. १९५० च्या दशकात सुमारे एक-तृतीयांश कामगार संघटनांचे सदस्य होते; हे प्रमाण २०२० नंतरच्या दशकात दहा टक्क्यांवर आले. कामगार संघटना या निरनिराळ्या वंशांच्या व पंथांच्या माणसांना एकत्र आणणाऱ्या संस्था होत्या. त्यांच्या ऱ्हासाने समाजातील एक महत्त्वाचा दुवा नाहीसा झाला. दुसरीकडे ज्ञानाधिष्ठित उद्योगांची भरभराट किनारपट्टीवरील महानगरांत व विद्यापीठांच्या परिसरात झाली. पूर्वी महाविद्यालयीन शिक्षण घेतलेल्या गोऱ्या मतदारांचा कल रिपब्लिकन पक्षाकडे असे. २०१६ पर्यंत तो डेमॉक्रॅटिक पक्षाकडे झुकला व गोरा कामगारवर्ग रिपब्लिकन पक्षाकडे गेला.

प्रसारमाध्यमे : विसाव्या शतकाच्या मध्यास बहुसंख्य अमेरिकन लोक तीन राष्ट्रीय दूरचित्रवाणी कंपन्यांची वार्तापत्रे पाहत. वादग्रस्त विषयांच्या दोन्ही बाजू मांडण्याचे बंधन प्रसारकांवर होते. ते १९८७ मध्ये उठविण्यात आले. त्यानंतर नभोवाणीवरील पक्षपाती चर्चांचा प्रसार झाला. १९९६ मध्ये फॉक्स न्यूज व एमएसएनबीसी या वृत्तवाहिन्या सुरू झाल्या व कालांतराने त्या अनुक्रमे रूढिवादी व उदारमतवादी प्रेक्षकांच्या झाल्या. एकविसाव्या शतकात समाजमाध्यमांनी, वाचकाला आवडेल किंवा संताप येईल असाच मजकूर पुढे आणण्याची पद्धत रूढ केली. जाहिरातींच्या उत्पन्नाअभावी अनेक स्थानिक वृत्तपत्रे बंद पडली. परिणामी एकाच घटनेविषयी मतेच नव्हे, तर माहितीही भिन्न असलेले दोन वाचकवर्ग तयार झाले.

१९९४ नंतरचे राजकारण : १९९४ मध्ये न्यूट गिंग्रिच याच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने चाळीस वर्षांनंतर प्रथमच प्रतिनिधिगृहात बहुमत मिळविले व प्रतिपक्षाशी सहकार्य टाळण्याचे धोरण स्वीकारले. १९९८ मध्ये प्रतिनिधिगृहाने बिल क्लिंटनवर महाभियोग दाखल केला. सीनेटने १९९९ मध्ये त्याला दोषमुक्त केले. २००० च्या निवडणुकीचा निकाल फ्लॉरिडातील ५३७ मतांवर व सर्वोच्च न्यायालयाच्या पाच विरुद्ध चार अशा निर्णयावर अवलंबून राहिला. राज्यांचे ‘लाल’ व ‘निळी’ असे वर्णन याच निवडणुकीपासून रूढ झाले. तथापि ॲल गोर याने निर्णयाशी असहमती नोंदवूनही आपला पराभव मान्य केला. २००८ मध्ये बराक ओबामा हा पहिला कृष्णवर्णीय राष्ट्राध्यक्ष निवडून आला. २०१० मधील त्याच्या आरोग्यविमा कायद्यास काँग्रेसमधील अंतिम मतदानात एकाही रिपब्लिकन सदस्याचे मत मिळाले नाही. १९३५ चा सामाजिक सुरक्षा कायदा व १९६५ चा वृद्धांच्या वैद्यकीय विम्याचा कायदा दोन्ही पक्षांच्या मतांनी संमत झाले होते, हे लक्षात घेता यातील फरक स्पष्ट होतो.

२०१६ मध्ये डॉनल्ड ट्रंप याने स्थलांतर, मुक्त व्यापार व प्रस्थापित नेतृत्व यांना विरोध करून राष्ट्राध्यक्षपद जिंकले. त्याला प्रतिस्पर्धी हिलरी क्लिंटनपेक्षा सुमारे २९ लाख मते कमी होती. निर्वाचक मंडळात मात्र बहुमत मिळाले. ऑगस्ट २०१७ मध्ये व्हर्जिनियातील शार्लट्सव्हिल येथे सेनापती रॉबर्ट ली याचा पुतळा हटविण्यावरून गोऱ्या वंशवाद्यांच्या मेळाव्यात हिंसाचार होऊन एका स्त्रीचा बळी गेला. २०२० मध्ये मिनीॲपोलिस येथे पोलिसांच्या हातून एका कृष्णवर्णीय नागरिकाचा मृत्यू झाल्यावर देशभर निदर्शने झाली. त्याच वर्षी सुरू झालेल्या कोविड साथीत अकरा लाखांहून अधिक अमेरिकन मृत्युमुखी पडले. समान संकटाने समाज एकत्र येण्याऐवजी मुखपट्टी व लसीकरण हेदेखील पक्षनिष्ठेचे निदर्शक ठरले.

नोव्हेंबर २०२० मध्ये जो बायडन याने ३०६ विरुद्ध २३२ निर्वाचक मतांनी विजय मिळविला. ट्रंपने निकाल नाकारला. त्याच्या पक्षातर्फे व समर्थकांतर्फे दाखल झालेले साठांहून अधिक दावे निष्फळ ठरले. ६ जानेवारी २०२१ रोजी मतांच्या अधिकृत मोजणीच्या वेळी त्याच्या समर्थकांच्या जमावाने काँग्रेसच्या इमारतीवर हल्ला केला. मोजणी काही तास थांबली, परंतु त्याच रात्री ती पुढे सुरू होऊन पहाटेपर्यंत पुरी झाली. १८०१ पासून चालत आलेल्या शांततामय सत्तांतराच्या परंपरेस हा गंभीर धक्का होता. सीनेटमधील महाभियोगाच्या मतदानात ५७ सदस्यांनी ट्रंपला दोषी ठरविले. आवश्यक दोन-तृतीयांश बहुमताअभावी तो सुटला. २०२४ मध्ये कमला हॅरिस हिचा ३१२ विरुद्ध २२६ निर्वाचक मतांनी पराभव करून तो पुन्हा निवडून आला व २० जानेवारी २०२५ रोजी त्याने ६ जानेवारीच्या प्रकरणातील सुमारे १,५०० जणांना क्षमादान दिले. या काळात राजकीय हिंसाचारही वाढला. जुलै २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियात ट्रंपवर प्राणघातक हल्ला झाला. जून २०२५ मध्ये मिनेसोटा विधिमंडळातील एका डेमॉक्रॅटिक सदस्येची व सप्टेंबर २०२५ मध्ये यूटा राज्यात एका रूढिवादी युवक नेत्याची हत्या झाली.

स्वरूप व मर्यादा : या दुभंगाची तुलना १८६० च्या स्थितीशी अनेकदा केली जाते, ती अंशतःच खरी आहे. तेव्हाची सीमारेषा भौगोलिक होती व तिच्या मुळाशी गुलामांच्या मालकीचा प्रचंड आर्थिक हितसंबंध होता. आजची रेषा राज्याराज्यांतून नव्हे, तर प्रत्येक राज्यातील महानगर व त्याभोवतीचा ग्रामीण प्रदेश यांच्यातून जाते. त्यामुळे प्रादेशिक फुटीची शक्यता कमी होते, पण संघर्ष सर्वव्यापी होतो. समाजाच्या एकूण मनोवृत्तीतही दोन विरुद्ध प्रवाह दिसतात. गॅलप संस्थेच्या पाहणीनुसार गोरे व कृष्णवर्णीय यांच्यातील विवाहास १९५८ मध्ये अवघ्या ४ टक्के लोकांची मान्यता होती. २०२१ मध्ये ती ९४ टक्के झाली. याउलट आपल्या अपत्याने विरुद्ध पक्षातील व्यक्तीशी विवाह केल्यास नाराजी वाटेल, असे १९६० मध्ये सुमारे पाच टक्के लोकच म्हणत. २०१० मधील पाहणीत सुमारे निम्म्या रिपब्लिकनांनी व एक-तृतीयांश डेमॉक्रॅटांनी तसे सांगितले. वंशभेदाची भिंत लोकमतात खचत असताना पक्षभेदाची भिंत उंच होत गेली, असा याचा अर्थ होतो.

प्रत्यक्ष धोरणांविषयीची लोकांची मते मात्र पक्षनेत्यांइतकी टोकाची नाहीत. रूढिवादी कॅन्झसमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये झालेल्या सार्वमतात राज्यघटनेतील गर्भपाताच्या हक्काचे संरक्षण काढून टाकण्याचा प्रस्ताव सुमारे ५९ टक्के मतदारांनी फेटाळला. २०२४ च्या निवडणुकीत स्पॅनिशभाषक व इतर अल्पसंख्य मतदारांचा लक्षणीय भाग ट्रंपकडे वळल्याने वंश व पक्ष यांची सांगड काहीशी सैल झाली. मॉरिस फियोरीनासारखे अभ्यासक त्यामुळे सामान्य जनतेपेक्षा पक्षांतील कार्यकर्ते व नेतेच अधिक दुभंगले असल्याचे मानतात. ॲलन अब्रॅमोविट्झसारखे इतर अभ्यासक राजकारणात रस घेणारा संपूर्ण मतदारवर्गच विभागला गेला असल्याचे प्रतिपादतात.

अमेरिकेच्या इतिहासातील अनुभव असा, की मतैक्याचे कालखंड बहुधा कोणत्या तरी गटास चर्चेबाहेर ठेवूनच साधले गेले आणि त्या गटाने आपला हक्क मागताच जुनी फूट नव्याने उघडी पडली. म्हणून केवळ सामंजस्य हे समाजस्वास्थ्याचे पुरेसे लक्षण ठरत नाही. पराभूत पक्षाने निकाल मान्य करणे व विजयी पक्षाने प्रतिपक्षास पुन्हा जिंकण्याची संधी ठेवणे, हेच लोकशाहीच्या स्वास्थ्याचे खरे गमक होय. ६ जानेवारी २०२५ रोजी उपराष्ट्राध्यक्ष या नात्याने कमला हॅरिस हिने स्वतःच्याच पराभवाची मतमोजणी शांतपणे जाहीर केली. चार वर्षांपूर्वी त्याच तारखेस त्याच सभागृहात जे घडले, त्याच्याशी तुलना करता या प्रघाताचे मोल आणि त्याची नाजूकता ही दोन्ही स्पष्ट होतात.